हॅलमचं खमीर

"ढोसलंस! मागच्या बाकावरून कोपरानं ढोसलंस मला!"

"ढोसलं नाही डीकन, ओढलं. कोट धरून खाली ओढलं."

"म्हणजे हात लावलास, एवढं तरी कबूल?"

"लावला. तुम्ही भलत्याच नावाला उठलात, म्हणून बसवत होतो."

"मी? भलत्या नावाला? माझ्याच स्वयंपाकघरात उभा राहून मला सांगतोस?"

ओरडत होते ते माझे मामंजी, आमच्या चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रीबाबांच्या हाताखालचे पंच. मी चुलीपाशी बसून घेवड्याचे दाणे निवडत होते. एक दाणा चांगला की किडका, हे ठरवायला मला त्या दुपारी फार वेळ लागत होता. सासूबाई खिडकीशी मामंजींचा काळा कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोटाची मागची शिवण कंबरेपासून खाली उसवली होती. माझी नणंद हिटी दारात रिकामं मडकं घेऊन उभी होती, खमीर न्यायला आली होती ती. तिच्या मागे तिचा नवरा, एसाहेल प्रॅट. पिंपं बनवायचा धंदा, हात फावड्यासारखे, आणि स्वभाव असा की भांडतानाही टोपी काढून हातात धरायचा.

झालं होतं ते असं. जेफरसनला राष्ट्राध्यक्ष होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि आमच्या कनेक्टिकटात अजून कुणाला ते खरं वाटत नव्हतं. आमचा गाव, हॅलम, सगळा फेडरलिस्ट, म्हणजे जेफरसनच्या विरोधी पक्षाचा. पाद्रीबाबा फेडरलिस्ट, डॉक्टर फेडरलिस्ट, गिरणीवाला फेडरलिस्ट. जेफरसनच्या बाजूची, रिपब्लिकन, मोजून चार-पाच घरं, त्यांना सगळे जॅकोबिन म्हणायचे. म्हणजे फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडवणाऱ्यांचे भाऊबंद. त्यातलाच एक आमचा जावई. निवडणूक झाली तेव्हा मामंजींच्या बहिणीनं, थँकफुल आत्यानं, घरातलं बायबल पिठाच्या पिंपात पुरून ठेवलं होतं. नवे अध्यक्ष बायबलं गोळा करून जाळणार, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. महिनाभर आम्ही रोज रात्रीची प्रार्थना पाठ येत होती तेवढीच म्हटली. शेवटी पीठ संपलं, तेव्हा बायबल वर आलं. पिंप एसाहेलनंच बनवलेलं होतं, हे सासूबाईंनी तेव्हा आत्याला आठवण करून दिलं.

तर अशा जॅकोबिनांना ओळखून काढण्यासाठी आमच्या लोकांनी नवा कायदा केला होता. मतांच्या चिठ्ठ्या बंद. शरदातल्या मतदानाच्या सभेत सभापतींनी चर्चमध्ये एकेक नाव वाचायचं, आणि ज्याला तो माणूस पसंत असेल त्यानं बाकावरून उठून उभं राहायचं. पाद्रीबाबा समोर बसून बघणार. पोराबाळांचा बाप, कर्जदार, भाडेकरू, उठेल तो सगळ्यांसमोर उठेल. हा कायदा झाला तेव्हा मामंजी म्हणाले होते, "आता कळेल कोण किती पाण्यात आहे."

त्या दिवशी सभापतींनी आधी टिल्डन हे नाव वाचलं. टिल्डन रिपब्लिकन. नंतर टिलसन यायचा होता, तो आपला. मामंजी टिल्डनला उठले. मामंजी पहिल्या बाकावर बसायचे. त्यांच्या मागचे चार-पाच बाक वर्षानुवर्षं नाव ऐकतच नसत, मामंजींची पाठ बघत. पाठ उठली की उठायचं. तसे ते सगळे उठले. माझा नवरा ज्योएल उठला. गिरणीवाला उठला. डॉक्टर अर्धा उठून तसाच थांबला. आजवर ज्या गावात रिपब्लिकनाला पाचाच्या वर मतं पडली नव्हती, तिथं निम्मं चर्च उभं राहिलं, आणि कारकुनानं कायद्याप्रमाणे मोजून लिहून घेतलं.

"तू का उठलास?" मी ज्योएलला विचारलं होतं.

"बाबा उठले म्हणून."

"नाव नाही ऐकलंस?"

"ऐकलं की. मला वाटलं बाबांच्या मनात काहीतरी असेल."

आता खरी गोष्ट अशी, की मामंजींचा उजवा कान तीन हिवाळ्यांपूर्वीच गेला होता आणि डावा हळूहळू त्याच्या मागोमाग चालला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं, कारण सासूबाईंनी ते बोलण्याची वेळच येऊ दिली नव्हती. कुणी पाहुणा हळू बोलला, की त्या स्वतःशीच पुटपुटल्यासारख्या मोठ्यानं म्हणायच्या, "अरे वा, म्हणजे लाल गाय विकली म्हणा की तुम्ही." आणि मग मामंजी लाल गाईबद्दल बोलायला लागायचे. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना त्या बायकांच्या बाकावर असायच्या, पण घरी येताना वाटेत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं प्रवचन पुन्हा सांगायच्या, जणू त्यांना स्वतःलाच ते फार आवडलंय. बायकांना सभेत जायची परवानगी नव्हती. तेवढ्या एका जागी त्या पोचू शकत नव्हत्या, आणि नेमका तिथंच घोटाळा झाला.

मामंजींना कळलं नव्हतं असं नाही. म्हणून तर एवढा राग. ऐकू आलं नाही हे मान्य करायचं, नाहीतर जावयानं ढोसलं असं म्हणायचं. यातलं दुसरं त्यांना सोपं वाटलं.

"आजपासून," ते म्हणाले, "या घराचं खमीर त्या घरात जाणार नाही."

हिटीनं मडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "बाबा, मी पीठ भिजवून आलेय."

"तुझ्या नवऱ्याला म्हणावं, जेफरसनकडून माग खमीर."

"चल हिटी," एसाहेल म्हणाला. त्यानं टोपी डोक्यावर घातली, तेव्हा मला कळलं की हे साधं भांडण राहिलं नाही. "ओहायोत जमीन फुकटात मिळतेय. तिथं कोण कुठल्या बाकावर बसतो हे बघायला कुणाला वेळ नाही. बर्फ पडून रस्ते घट्ट झाले की निघू."

"जा की! तिकडच्या अस्वलांना सांग जेफरसनच्या गोष्टी!"

हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

सासूबाईंनी मान वर केली नाही. पण त्यांच्या हातातली सुई थांबली. त्यांची धाकटी बहीण चौदा वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या पश्चिमेला गेली होती. जाताना तिनं वेशीपाशी हात हलवला, तेच शेवटचं. ती जिवंत आहे की नाही हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. ओहायो तर त्याच्याही पलीकडे. तिकडे गेलेलं माणूस म्हणजे मेलेलं नसतं, पण फरक सांगता येत नाही. आणि सासूबाईंच्या सहा पोरांपैकी दोनच उरली होती: ज्योएल आणि हिटी.

खमिराबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे सगळं एवढं का झालं ते समजायचं नाही.

सासूबाईंचं नाव सबमिट. आमच्याकडे मुलींना अशी नावं ठेवतात. त्याचा अर्थ 'नमून राहा'. लग्न होऊन त्या हॅलमला आल्या, तेव्हा त्यांच्या आईनं पेटी-पलंगाच्या आधी त्यांच्या मांडीवर एक दगडी बरणी ठेवली. भर जानेवारीत बर्फावरच्या उघड्या घसरगाडीतून त्या आल्या, बरणी स्वतःच्या झग्याच्या आत पोटाशी धरून. मामंजी सांगायचे, "लोक विचारायला लागले, डीकननं एवढ्या लवकर कसं काय उरकलं?" हे सांगताना ते लाल व्हायचे आणि तरी दरवर्षी सांगायचे.

बरणीत खमीर. हॉप्सच्या वेलाची कडू फुलं उकळून, उकडलेला बटाटा कुस्करून, आधीच्यातलं थोडं घालून जिवंत ठेवलेलं. गावात आधी जी खमिरं होती, ती कुणाचं आंबट, कुणाचं आळशी. सासूबाईंच्या खमिरानं राय नावाच्या काळ्या धान्याचा जड पीठगोळासुद्धा दुपारपर्यंत परातीबाहेर यायचा. हळूहळू सगळं गाव त्यांच्याकडूनच न्यायला लागलं. ज्या हिवाळ्यात इतकी थंडी पडली की घराघरातली खमिरं मेली, त्या हिवाळ्यात त्यांनी बरणी रात्री अंथरुणात घेतली, मामंजींना भिंतीकडे सरकवून. "माझी जागा गेली ती गेलीच," मामंजी म्हणायचे.

या खमिराचे दोन नियम होते. मागायला येईल त्याला नाही म्हणायचं नाही. आणि नेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत. आभार मानले की खमीर बसतं, असं सासूबाईंच्या आईनं सांगितलं होतं. त्यामुळे हॅलमच्या बायका मडकं पुढं करायच्या, भरून घ्यायच्या, आणि हवापाण्याबद्दल काहीतरी बोलून निघून जायच्या. थँकफुल आत्याच्या तर नावातच आभार. तिला सासूबाई बरणीच्या जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. "तुम्ही आपल्या तिकडे विणत बसा, वन्सं. तुमचा दोष नाही, तुमच्या आईबापांचा."

आणि आता त्या घरात पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हटलं गेलं होतं. तेही पोटच्या पोरीला. हिटी रिकामं मडकं घेऊन अंगण ओलांडून गेली, आणि त्या दिवशी तिनं भिजवलेलं पीठ डुकराला घातलं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी पाद्रीणबाई आल्या. मिसेस व्हिटलसी. येताना स्वतःचं मडकं घेऊन आल्या होत्या, पण ते खाली ठेवलं आणि आधी बसल्या.

"डीकननी फार योग्य केलं, असं आमच्या यांचं मत आहे," त्या म्हणाल्या. "खरं तर मी म्हणते, एकाच घराला का? उरलेल्या जॅकोबिन घरांनाही बंद करावं. चार दिवस तव्यावरच्या कोरड्या भाकऱ्या खाल्ल्या की माणसाला बरंच काही उमजतं."

"बायकापोरांनाही उमजेल," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, त्यांनाच तर उमजायला हवं. नवऱ्यांना तीच सांगतील. आणि तुम्हाला म्हणून सांगते सबमिटबाई, बाहेर लोक नको ते बोलतायत. शेजारच्या गावात तर डीकनना 'डीकन टिल्डन' म्हणतात. अशा वेळी घरानं जरा कडक दिसलेलं बरं."

मामंजी तेव्हा दाराशीच बूट काढत होते. पाद्रीणबाई त्यांच्याकडे वळून गोड हसल्या आणि त्यांच्या नेहमीच्या नाजूक आवाजात म्हणाल्या, "काय डीकन, यंदा सफरचंदं कशी आहेत?"

"अजिबात नाही!" मामंजी म्हणाले. "माफी मागायला तोच इथं येईल!"

पाद्रीणबाईंची भुवई वर गेली. मी घेवड्यात तोंड खुपसलं. आणि सासूबाई, ज्यांना त्या एका क्षणात सगळा झगडा संपवता आला असता, फक्त एवढंच बोलायचं होतं की बाई, यांना ऐकू येत नाही, सभेतही आलं नाही, जावयाचा काही दोष नाही, त्या सासूबाई अगदी सहज म्हणाल्या, "सफरचंदांना यंदा कीड लागलीय, त्यामुळे ते चिडलेत. ज्यानं रोपं विकली त्यानंच येऊन माफी मागावी म्हणतात ते. तुमचं मडकं द्या."

पाद्रीणबाईंनी मडकं दिलं, भरून घेतलं, वाऱ्याबद्दल बोलल्या आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी न राहवून म्हटलं, "आई, सांगून टाकायचं होतंत."

"काय सांगायचं?"

"कानाचं."

"डीकननं चर्चमध्ये उभं राहून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या असतात, रॉक्सी. ऐकू येत नाही म्हटल्यावर ते काम राहील का त्यांच्याकडे? आणि ते काम गेलं की मग त्यांच्याकडे उरलं काय? किडकी सफरचंदं?"

"आणि हिटीवन्सं?"

त्या कोनाड्यापाशी गेल्या. बरणीवरचं फडकं काढून वास घेतला, पुन्हा बांधलं.

कोटाची शिवण त्यांनी अजून तशीच सोडली होती; तो कोट त्यांनी त्याच संध्याकाळी मामंजींना दाखवला. "ही शिवण बघा. टाके खालच्या बाजूला तुटलेत. कुणी ढोसल्यावर कोट मागून फाटत नाही. त्यानं खाली ओढलंय तुम्हाला. पोरगं तुमची लाज राखत होतं."

मामंजींनी कोट हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "दोरा कच्चा असेल."

"दोरा मी कातलेला आहे."

"मग शिवण कच्ची असेल." आणि कोट घालून गाईंकडे गेले.

ऑक्टोबर असा गेला. झाडं लाल झाली आणि उतरली. हिटी आमच्याकडे येईना. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसायची आणि प्रार्थना संपली की सरळ घरी. ती गिरणीवाल्याच्या बायकोकडून गुपचूप खमीर घेऊ शकली असती. ते आमचंच खमीर होतं. पण ती बापाचीच मुलगी. तिनं स्वतः हॉप्स उकळून करायचा प्रयत्न केला, दोनदा बिघडलं. एसाहेल भाकरी चावताना म्हणायचा, "छान झालीय," आणि पाणी प्यायचा. हे सगळं ज्योएल येऊन सांगायचा, मामंजी बाहेर असताना. मग एक दिवस त्यानं सांगितलं की लिचफील्डकडचा एक माणूस एसाहेलचं दुकान बघून गेला. अवजारांसकट घेतो म्हणाला.

"किंमत ठरली?" थँकफुल आत्यानं विचारलं.

"ते नाही माहीत. पण हिटी तवे-पातेली गवतात बांधतेय."

सासूबाई त्या वेळी पाव भट्टीत सारत होत्या. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर एकेक लादी ठेवून आत, आणखी आत. सगळ्या लाद्या आत गेल्यावर त्यांनी भट्टीचं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांना कामाच्या मध्ये कधी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"बाबांशी पुन्हा बोलून बघ ना," ज्योएल म्हणाला.

"बोलून ऐकणाऱ्यांशी बोलावं," त्या म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या, "आणि ऐकू येणाऱ्यांशी."

थोड्या वेळानं त्यांनी शाल घेतली आणि बाहेर पडल्या. हिटीचं घर आमच्या कुंपणाच्या पलीकडचं तिसरं. पाव तयार होऊन मी बाहेर काढले तरी त्या आल्या नव्हत्या. आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि एप्रनवर लाकडाचा भुसा होता, म्हणजे एसाहेलच्या दुकानात बसून आल्या होत्या. त्यांनी जेवणाचं टेबल मांडलं: घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, गरम पाव. मामंजी आले, प्रार्थना म्हटली, पहिला तुकडा मोडून त्याचा वास घेतला. पावाच्या बाबतीत ते अजून लहान मुलासारखे होते.

"छान फुगलाय," ते म्हणाले.

"अहो," सासूबाईंनी त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढली, सावकाश आणि मोठ्यानं बोलल्या. "तुम्ही म्हणाला होतात, या घराचं खमीर त्या घरात जाणार नाही."

"म्हणालो होतो. अजून म्हणतो."

"घरधनी तुम्ही. तुमचा शब्द मी मोडणार नाही."

मामंजींनी जरा चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना एवढं सोपं यश मिळालं नव्हतं. आत्या विणायची थांबली.

"म्हणून," सासूबाई म्हणाल्या, "या घराला आता खमीर नाही."

"म्हणजे?"

"बरणी माझ्या आईची. माझ्या आईनं मला दिली, मी माझ्या मुलीला दिली. दुपारी शालीखाली नेऊन ठेवली तिच्या चुलीपाशी. आजपासून ते त्या घराचं खमीर. या घरचं तिकडे जाण्याचा प्रश्न राहिला नाही."

मी चुलीशेजारच्या कोनाड्याकडे पाहिलं. बरणीच्या जागी विटेवर एक गोल पांढुरका डाग होता, एवढंच. तो डाग दुपारभर माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसला नव्हता.

मामंजींच्या हातातला तुकडा तसाच राहिला. "आणि गाव? पाद्रीणबाई? डॉक्टर?"

"ज्याला पाव हवा तो हिटीकडे जाईल. पाद्रीणबाईसुद्धा. ती कुणाला नाही म्हणणार नाही, तसं मी तिच्याकडून वदवून घेतलंय. कोण कुठल्या नावाला उठतो, हे बरणीला समजत नाही."

"ते तर ओहायोला चाललेत!"

"नाही चालले. बरणी एवढ्या लांब थंडीत जगत नाही, हे एसाहेललाही पटलं. सगळ्या गावाचा पाव एका घरात ठेवून निघून जाणारा माणूस नाही तो. दुकान विकत नाही म्हणून लिचफील्डला निरोप गेलाय."

मामंजींनी ज्योएलकडे पाहिलं, ज्योएलनं घेवड्याकडे. आत्या हळूच म्हणाली, "मग आता मला चुलीपाशी बसता येईल."

"येईल, वन्सं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मामंजींच्या ताटात आणखी एक पावाचा तुकडा ठेवला आणि सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"हा पाव आठ दिवस पुरेल," त्या म्हणाल्या. "त्यानंतर या घरासाठी हिटीकडून खमीर आणायला डीकन स्वतः जातील. दुसऱ्या कुणीही जायचं नाही."